झोसिमोस म्हणजे जगण्याजोगा

आबा, तुम्हाला पणतू झाला आहे. आज त्याला एकोणीस दिवस झाले. वजन नऊशे ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे तुमच्या गिरणीत एवढंसं दळण घेऊन कुणी आलं असतं तर तुम्ही पट्टा चढवला नसता, अजून थोडं घेऊन या म्हणून परत पाठवलं असतं. तीन महिने आधीच आला तो. दुबईच्या एका हॉस्पिटलात पेटीत ठेवलाय. नाकात नळी, हाताला सुई, आणि पायाला एक छोटा दिवा चिकटवलेला, त्याच्या लाल उजेडात सगळं पाऊल आरपार दिसतं. आई-बापाशिवाय घरातल्या एकाच माणसाला आत सोडतात, तेही दुपारी चार ते पाच. तुमच्या सुनेला आत गेली की चक्कर येते, त्यामुळे तो एक माणूस मी आहे. हमरियाच्या फ्री झोनमध्ये एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो मी, तिथून दोनला निघतो, शारजा-दुबईच्या हद्दीवरच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंग धरून बसतो आणि त्या एका तासासाठी पोचतो. पोचून काय करतो? हात धुतो, गाऊन घालतो आणि पेटीशेजारी उभा राहतो. आयुष्यभर मी कामाचा माणूस म्हणून ओळखला गेलो, आणि आता असा उभा असतो की सिस्टरला वाट काढायला मला बाजूला करावं लागतं. मशीन वाजलं की मी तिच्याकडे बघतो, ती मशीनकडे बघते. डॉक्टर इजिप्तचे आहेत, चांगला माणूस. त्यांना काहीही विचारलं की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "इन्शाल्ला." मला त्याहून जास्त काहीतरी हवं असतं, पण काय हवं ते विचारताही येत नाही.

नात तुमची आता अठ्ठावीस वर्षांची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती सहाची होती आणि तुमच्या भुवयांवर पीठ का असतं असं विचारायची. इथे अल नहदाच्या फ्लॅटमध्ये वाढली, शाळा इथली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, आणि देवनागरी अक्षरं तिला नक्षीसारखी दिसतात. मरीनामधल्या एका ऑफिसात नोकरीला लागली आणि तिथेच लग्न जमवलं. जावई ग्रीक आहे. तुम्हाला ग्रीस कुठे आहे ते सांगायला नकाशा लागला असता आणि तो उलटा धरून तुम्ही मान डोलावली असती. तर हा जावई जहाजं तपासतो, बंदरात आलेल्या जहाजावर चढून कुठे गंज धरलाय, कुठे पत्रा पातळ झालाय ते बघतो. उंच आहे, कमी बोलतो, आणि माझ्या पाया पडायला तुमच्या सुनेने शिकवलं तेव्हा थेट गुडघे टेकून बसला होता. मुलगी बाळंत झाल्यावर चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिच्यासाठी अळिवाची खीर घेऊन गेलो होतो. डबा तुमचाच. तीस वर्षं झाली, झाकण अजून तसंच घट्ट बसतं.

तिथे नावाचा विषय निघाला. त्यांच्यात पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात, त्यात कुणी विचारत नाही की वाद घालत नाही. जावयाच्या वडिलांचं नाव झोसिमोस. मला ते दोनदा म्हणून बघावं लागलं. जावई म्हणाला की नाव फार जुनं आहे, आता त्यांच्या देशातही कुणी ठेवत नाही, त्याच्या वर्गातली पोरं त्याच्या बापाच्या नावाला हसायची. मी विचारलं, अर्थ काय? अर्थ सांगायला त्याने बापालाच फोन लावला. स्क्रीनवर एक म्हातारा आला, ऐंशीच्या घरातला, मागे ओट्यावर लिंबांचं टोपलं. तो बोलायचा, जावई इंग्रजीत सांगायचा. त्यांच्याकडे जीवनाला 'झोई' म्हणतात, त्यातून हे नाव आलं. झोसिमोस म्हणजे जगू शकेल असा. जगण्याजोगा. एक जुना साधू होता या नावाचा, म्हणून त्यांच्या कॅलेंडरात या नावाचा दिवसही असतो, वाढदिवसासारखा. पण त्याआधी, फार पूर्वी, हे नाव गुलामांत आणि गोरगरिबांत चालायचं, कारण पोर जगेल की नाही ही धास्ती त्यांनाच जास्त. म्हाताऱ्याच्या आधी त्याच्या आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरा झाला तेव्हा तिने घराण्यातलं नाव बाजूला ठेवलं आणि सरळ हे ठेवलं. एवढं सांगून तो म्हातारा छातीवर बोट ठेवून हसला, म्हणजे बघा, जगलो.

मुलगी चार दिवसांत पहिल्यांदा हसली. मग जावयाने मला विचारलं, तुमच्यात असं असतं का, मूल जगावं म्हणून ठेवलेलं नाव? आबा, माझ्यासमोर टेबलावर तुमचा डबा होता. त्याच्या काठावर सुईने ठोकून घातलेलं तुमचं नाव होतं. बोलता बोलता जावई त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होता, जहाजाच्या पाटीवरचं नाव चाचपून वाचायची त्याला सवयच आहे. मी म्हणालो, असतील कुठेतरी खेड्यात. मग त्याने विचारलं, इथे काय लिहिलंय? मी म्हणालो, "दुकानाचं नाव आहे." पटकन म्हणालो, अगदी ठेवणीतलं उत्तर असावं तसं. मुलगी खीर खात होती, तिने मान वरही केली नाही.

तुम्हाला आठवतं का, मी तिसरीत की चौथीत असताना गिरणीत रडत आलो होतो? हजेरी घेताना गुरुजी पूर्ण नाव वाचायचे. माझं नाव, मग तुमचं, मग आडनाव. तुमचं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी बाक वाजवायचं. दगडू. त्या दिवशी एकाने माझ्या दप्तरात खरोखरच दगड भरले होते, आणि तेच दप्तर मी तुमच्यापुढे ओतलं आणि विचारलं की तुम्हाला दुसरं नाव का नाही? गिरणी चालू होती, त्यामुळे तुम्ही ओरडूनच बोलत होतात. मला वाटलं रागावलात. पट्टा उतरवल्यावर कळलं की रागावलाही होतात. म्हणालात, "माझ्या आधीची तिघं गेली. चांगली नावं होती तिघांची." मग सांगितलंत की तुमच्या आईने तुम्हाला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि पसाभर नाचणी घेऊन परत विकलं. आणि नाव ठेवलं दगडू, म्हणजे वरून कुणी बघितलं तर त्याला वाटावं की इथे पोर नाहीच, दगड पडलाय. "त्या नावानं जगलो मी. हसायचं असेल त्यांना हसू दे, तू नको रडू." एवढं बोलून तुम्ही दप्तरातले दगड एक एक करून बाहेर फेकलेत आणि मला पुस्तकं भरायला लावलीत. त्या वयात मला त्यातलं काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की तुम्ही नाव बदलणार नाही.

ग्रीसमधल्या त्या बाईने देवाकडे उघड मागितलं, आणि तुमच्या आईने देवाची नजर चुकवली. भीती दोघींची एकच. मला कँटीनमध्ये हे सगळं सांगता आलं असतं. मुलीला केवढा धीर आला असता. तिच्या एका बाजूला झोसिमोस जगला, दुसऱ्या बाजूला दगडू पासष्ट वर्षं जगला, रोज पन्नास घरांचं दळण दळून जगला. दोन म्हातारे उभे राहिले असते त्या पेटीच्या दोन बाजूंना. पण तिला दगडू कोण ते माहीतच नाही. तिच्या पासपोर्टपासून माझ्या आयडी कार्डापर्यंत कुठेही तुम्ही दगडू नाही. सगळीकडे दत्तात्रय आहात.

तो दिवस तर तुम्हाला आठवतच असेल. मी आयटीआय करून चोवीस वर्षांचा झालो होतो, मुंबईच्या एजंटाकडे इकडच्या नोकरीचं जमत आलं होतं. मी घरी येऊन सांगितलं की एजंट म्हणतो, असलं नाव पासपोर्टवर चालत नाही, तिकडचे लोक अर्थ विचारतात, अडवतात, वडिलांचं नाव सुधारून आणा. आई चुलीपाशी होती. तिने भाकरी उलटली. तुम्ही विचारलंत, "मग काय करावं लागेल?" मी सांगितलं, तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं, की दगडू उर्फ दत्तात्रय हा मीच, आणि दोन्ही नावांनी सही करायची. तुम्हाला एकच सही येत होती, तीही थांबत थांबत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आईने पीठ मळायला परात घेतली होती, ती तुम्ही पुढे ओढलीत, पीठ पसरलंत आणि म्हणालात, दाखव. मी बोटाने तुम्हाला दत्तात्रय लिहून दाखवलं. त्या नावात जोडाक्षरं केवढी. तुमचं जाड बोट पिठात फिरायचं, दुसऱ्या अक्षरापाशी अडायचं, तुम्ही तळहाताने सगळं पुसायचात आणि पुन्हा पहिल्यापासून. पंचावन्न वर्षांचा माणूस स्वतःचं नवीन नाव गिरवत होता आणि मी शेजारी बसून चूक दाखवत होतो. मला तेव्हा घाई होती. अकराच्या एसटीने तालुक्याला पोचायचं होतं. "नीट काढा, आबा," असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आईने परात उचलून घेतली, पाणी घातलं आणि मळायला लागली.

तहसीलमध्ये सही झाली. वाकडी होती, पण झाली. येताना तुम्ही भांड्यांच्या दुकानात शिरलात, मला वाटलं आईसाठी काही घ्यायचं असेल. तुम्ही हा डबा घेतलात आणि नाव घालणाऱ्यासमोर बसलात. त्याने विचारलं, काय नाव घालू? मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही सांगितलंत, "दगडू घाल." मग माझ्याकडे वळून म्हणालात, कागदावर तुला पाहिजे ते, भांड्यावर माझं. चिडून नाही म्हणालात, उलट जरा थट्टेतच. मी इकडे आलो तेव्हा त्यात आईने लाडू दिले होते. पहिली दोन वर्षं कामगारांच्या कॅम्पात आम्ही आठ जण एका खोलीत राहायचो, कोकणातली, साताऱ्याकडची पोरं, त्यांनी नाव वाचून विचारू नये म्हणून मी डबा बॅगेतच ठेवायचो. लग्नानंतर फ्लॅट घेतला तेव्हा तो फळीवर आला, पण नावाची बाजू भिंतीकडे. मुलगी मोठी झाली आणि तिला वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर मी तेवढीही काळजी सोडली. तिला मराठी वाचायला शिकव म्हणून तुमची सून किती वर्षं मागे लागली होती. मी वेळ नाही म्हणायचो. त्यामागे हेही असेल का, ते मला आज सांगता येत नाही.

दहाव्या दिवशी जन्माच्या दाखल्याचा फॉर्म भरायचा होता. तोपर्यंत त्याच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, एवढीच त्याची ओळख. तुमची सून म्हणत होती की बाराव्या दिवसाच्या आधी नाव कसं ठेवायचं, पण खिडकीवरची बाई यल्ला यल्ला म्हणत घाई करत होती, मागे रांग होती. मुलगी व्हीलचेअरवर होती. तिने पहिल्या रकान्यात झोसिमोस लिहिलं. मग पेन थांबवून माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मिडल नेम आजोबांचं ठेवू या? आय वॉन्ट हिम टु हॅव समथिंग फ्रॉम अवर साइड टू." जावई लगेच हो म्हणाला. माझ्या तोंडाशी आलं होतं, आबा, शपथेवर सांगतो. पण त्या रांगेत, त्या बाईसमोर, दहा दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला कसं सांगायचं की तुझ्या आजोबांचं नाव तुला माहीत नाही? मग कागद कुठले, प्रतिज्ञापत्र कसलं, का केलं, सगळंच आलं. मी म्हणालो, ठेव. स्पेलिंग तिने मलाच विचारलं. मी एक एक अक्षर सांगितलं आणि तिने लिहिलं, नीट काढलं. देवाची नजर चुकवायला तुम्हाला दिलेलं नाव मी पुसलं होतंच, आता त्या पोराला ते कागदावरही मिळणार नव्हतं.

परवा दुपारी मी पोचलो तेव्हा पेटीभोवती चार जण होते. रक्तात जंतू गेलेत म्हणाले. त्याचा रंग पिठासारखा झाला होता, छाती मशीनच हलवत होतं. डॉक्टरांनी या वेळी इन्शाल्ला म्हणायच्या आधी थोडं थांबून घेतलं, त्यावरून मला काय ते कळलं. जावई कोपऱ्यात उभा राहून त्यांच्या पाद्र्याशी फोनवर बोलत होता. पाद्री अबू धाबीला, यायला दोन तास. त्यांच्यात मूल बाप्तिस्म्याशिवाय जाऊ नये म्हणून अडचणीच्या वेळी एक सोय आहे, पाणी नाही, पाद्री नाही, कुणीही ख्रिश्चन माणसाने मुलाला तीनदा हवेत उचलायचं आणि नाव घ्यायचं. जावयाला नळ्यांमधून हात कुठून घालायचे तेच सुचेना, तेव्हा सिस्टरने त्याला बाजूला केलं. ती केरळची, गळ्यात बारीक क्रॉस. डॉक्टरांकडे तिने नुसतं बघितलं, त्यांनी मान हलवली. मग तिने पेटीच्या दोन्ही भोकांतून हात घातले आणि नळ्या सांभाळून त्याला उचललं, चार बोटं वर, बस. खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा. जावई त्यांच्या भाषेत म्हणत होता, त्यातला एकच शब्द मला कळत होता, झोसिमोस. तीनदा ऐकला मी तो. मुलगी माझ्या दंडाला धरून उभी होती. तिच्या नखांचे वण अजून माझ्या दंडावर आहेत.

नंतर ते दोघं डॉक्टरांबरोबर बाहेर गेले. सिस्टर म्हणाली, "अंकल, दो मिनट बात करो बेबी से, सुनता है वो." मी हात धुतले, पुन्हा धुतले. आपल्याकडे बारशाला आत्या कानात नाव सांगते, पण त्याची आत्या तिकडे ग्रीसमध्ये, आणि बारसं तर घरी आल्यावर करायचं ठरलंय. मी भोकाला तोंड लावलं. मग मी म्हणालो, दगडू. हळूच म्हणालो, पण तीनदा. तू इथे नाहीस, इथे दगड पडलाय, कुणी बघू नका याच्याकडे, असंही काहीतरी मी बडबडलो. सिस्टर पाठ करून सलाईनची बाटली बदलत होती. तिला मराठी येत नाही, पण तिने मला हवं त्याहून जास्त वेळ दिला. मशीन होतं तसंच वाजत राहिलं. आज वजन वीस ग्रॅमने उतरलंय. ताप नाही. डॉक्टर इन्शाल्ला म्हणाले.

मी आयुष्यात तुमच्याकडे फारसं काही मागितलं नाही, कारण मागायच्या आत तुम्ही द्यायचात. आता मागतोय. तुमचं जगणं जेवढं असेल तेवढं त्याच्यावरून उतरवा, कसं ते तुम्हालाच ठाऊक, मला इथे नुसतं उभं राहता येतं. पण खोटं मध्ये ठेवून मागायचं कसं? इकडून मी तुम्हाला पत्रं लिहायचो ती शेजारचे मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे, म्हणून तेव्हा हे लिहिलं नाही. आता हे वाचायला मास्तरही नाहीत आणि तुम्हाला तर वाचता येत नव्हतंच, तुम्हाला फक्त दोन सह्या येत होत्या, त्यातली दुसरी माझ्यामुळे. तर सांगतो. एजंटाने तुमच्या नावाला कधीच हरकत घेतली नव्हती. त्याने माझा शाळेचा दाखला घेतला, माझं नाव वाचलं, तुमचं वाचलं, आडनाव वाचलं आणि पान उलटलं. फोटोत मागचा पडदा पांढरा पाहिजे, एवढंच तो म्हणाला होता.